शाळेच्या आधीचा ‘अ’

“...स्पेलिंगच्या चुका असतील सर, शब्दही साधेच आहेत, सांभाळून घ्या. पण हे एक वाक्य का खोडलंत?”

निवासने वही मुजावर सरांपुढे सरकवली. तो सातवीत शाळा सोडलेला, धरणाच्या तलावात पर्यटकांची बोट चालवणारा. उद्या परदेशी पाहुणे यायचे होते. त्या तलावाखाली बुडालेलं आपलं गाव त्यांना इंग्रजीत सांगता आलं तर बोट त्याच्याकडे राहणार, नाहीतर मालक दुसऱ्याला देणार होता.

वहीत निवासचं वाक्य होतं, ‘देअर वॉज द स्कूल इन माय व्हिलेज.’

“इथं ‘अ’ पाहिजे. अ स्कूल.”

“‘अ’ म्हणजे कुठलीतरी, ‘द’ म्हणजे ओळखीची. तुम्हीच शिकवलंत. आपली शाळा कुठलीतरी होती व्हय, सर? चार वाड्यांत तेवढी एकच. तुम्ही तिथं मास्तर होता!”

“आणि तू तिथनं पळायचास.”

“...खिडकीतनं. दारात तुम्ही असायचा.”

दोघंही हसले. मग हसू ओसरलं. समोर, उताराखाली, धरणाचं पाणी पसरलं होतं.

“ओळखीची कुणाच्या?” सरांनी विचारलं.

“माझ्या. तुमच्या.”

“आणि बोटीत बसलाय त्याच्या?”

निवासने खोडलेलं वाक्य पुन्हा वाचलं.

सरांनी चष्मा काढला आणि डोळे मिटून घेतले. “समज, मी परमुलखातला. सांग.”

निवास चाचरत सांगू लागला. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. शेणानं सारवलेली जमीन, बसलं की चड्डीला हिरवा डाग. पाटी पुसायला आणलेली ओली चिंधी. पावसाळ्यात गळणारा तिसरीचा वर्ग, आणि छत्री धरून फळ्यावर लिहिणारे...

त्याने सरांकडे पाहिलं.

सर डोळे मिटूनच होते. “छत्री काळी होती,” ते म्हणाले. “एक काडी मोडकी.”

“...मग आता ‘द’ लावू?”

“आधी त्याला शाळेत बसव, लेका. मग बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी निवासने तलावाच्या मध्यावर इंजिन बंद केलं. “देअर वॉज अ स्कूल,” तो म्हणाला, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत घंटा, चिंधी, छत्री, सगळं सांगितलं.

एक म्हातारी बाई बोटीच्या काठावरून वाकली. पाण्यात बघत तिनं हळूच विचारलं, “व्हेअर इज द स्कूल?”

निवासने वल्हं उचललं आणि बोट अलगद तिसरीच्या वर्गावर नेली.