पोपटाला न सांगितलेले वाक्य

पाखरेसुद्धा दुकाने थाटीत, त्या काळची ही गोष्ट. खारूताई पिंपळपानांवर वाघ-मोर रंगवून ते चित्रपत्ते विकीत असे. रानातली पिल्ले ते हौसेने जमवीत. रोज भाव ठरवण्याचा कंटाळा येऊन तिने पोपट नेमला आणि बजावले, "असेच पत्ते विकणाऱ्या शेजारच्या मुंगूसरावांपेक्षा भाव नेहमी एक बोर कमी सांगायचा!" मग ती निश्चिंत झोपली. मुंगूसरावांनीही पोपट नेमून नेमके हेच बजावले होते.

"वीस!"

"एकोणीस!"

"अठरा!"

पाहता पाहता भाव घरंगळला.

"फुकट!"

"फुकट, आणि वर एक बोर!"

"वर दोन!"

गलक्याने खारूताई दचकून उठली. माकडे पत्ते नेत होती आणि वर तिची पावसाळ्याच्या बेगमीची बोरेही!

"मेल्या, मला उपाशी मारतोस?"

"हुकूम पाळतोय, ताई! वर चार!"

"भाव पाच बोरांच्या खाली उतरवलास, तर तुझी मिरची बंद!"

"पाच!" पोपट तत्काळ ओरडला.

"चार!" पलीकडून आले.

खारूताईचा पोपट मात्र चोच मिटून बसला. पलीकडचा एक बोर कमी होताच, मग तोही थांबला. माकडे हिरमुसून पांगली.

"इतकेच होते होय, ताई?" पोपट पंख झटकत म्हणाला. "सकाळीच सांगायचेत की! मीही झोपलो असतो."