दहा हातांचा जलराक्षस

पश्चिम समुद्राच्या काठी वेलापूर नावाचे बंदर होते. तिथे अरिंजय राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व त्याचा न्यायमंत्री होता. त्याचे बालपण कोळ्यांच्या वस्तीशेजारी गेले होते, त्यामुळे समुद्रातले जीव त्याच्या ओळखीचे होते.

एका संध्याकाळी दाट धुक्यात एक गलबत खडकावर आपटून फुटले. बंदरावरचा दीप पेटवण्याचे काम राणीचा भाऊ कुंभक याच्याकडे होते. तो मेजवानीत रमला होता आणि दीप पेटलाच नव्हता. सेवाली नावाच्या कोळिणीने एकटीने होडी लोटली आणि दोन खलाशांना पाण्यातून ओढून काढले. बाकीचे सारे बुडाले.

सकाळी लोक जाब विचारू लागले, तेव्हा कुंभकाने सेवालीलाच दोरांनी बांधून दरबारात आणले. तिच्या जाळ्यात सापडलेले हातभर लांब माकूल, म्हणजे मऊ अंगाचा एक समुद्रजीव, त्याने राजापुढे टाकले. या बाईने जलराक्षस जागवला आणि हे त्याचे पिल्लू, असे त्याने सांगितले. याला दहा हात आहेत, हाड एकही नाही, आत तीन काळजे आणि पोटात काळे विष आहे. याच्याच बापाने पाणी काळे करून गलबत ओढले, असेही तो म्हणाला. मेलेल्या माकुलाच्या ओल्या कातडीवर अजून तांबूस ठिपके पसरत होते, मिटत होते. दरबारी घाबरून मागे सरले. सेवालीला समुद्रात बुडवा, असे जो तो म्हणू लागला. वाचलेले खलाशी कुंभकाच्या धाकाने मान खाली घालून उभे राहिले.

राजाला खरे काय ते कळत होते. त्याने बोधिसत्त्वाला आतल्या दालनात नेले आणि मेहुण्याची अब्रू राखलीस तर महामंत्रिपद तुझेच, असे सुचवले.

बोधिसत्त्वाच्या अंगाचा तिळपापड झाला, तरी त्याचा आवाज चढला नाही. "महाराज, जिने माणसे वाचवली तिला बुडवायचे आणि ज्याने बुडवली त्याला वाचवायचे, हे माझ्या हातून होणार नाही," असे म्हणून तो दरबारात परतला.

त्याने सुरी मागवली आणि सर्वांसमक्ष माकूल उभे चिरले. तीन काळजे खरीच होती. त्यांतली दोन कल्ल्यांत रक्त ढकलतात आणि तिसरे ते अंगभर फिरवते, हे त्याने दाखवले. पाठीतून त्याने पिसासारखी पारदर्शक पट्टी ओढून काढली. त्या मऊ देहाला तेवढाच आधार होता. दोन लांब हात भक्ष्य पकडायला, आठ आखूड हात ते धरून ठेवायला, आणि मधली पोपटासारखी चोच ते कुरतडायला. डोक्याखालच्या नळीतून पाणी जोराने सोडून हा जीव मागच्या मागे पळतो, हेही त्याने समजावले. शेवटी त्याने शाईची पिशवी फोडली आणि काळे झालेले बोट स्वतःच्या जिभेवर ठेवले. त्याला काहीच झाले नाही.

मग तो कुंभकाकडे वळला.

"मोठा मासा अंगावर आला की हा जीव शाई सोडतो आणि तिच्याआड पळतो. अंगावर कवच नाही, त्याने दुसरे काय करावे? हा आपला जीव वाचवायला काळोख करतो, कुंभका. तू कशासाठी केलास? पानावरून उठावे लागू नये म्हणून?"

तेव्हा खलाशांपैकी वयस्काने मान वर केली. "दीप नव्हता, महाराज," तो म्हणाला. "आम्ही डोळे फाडफाडून किनारा शोधत होतो."

आता राजाला पळवाट उरली नाही. त्याने कुंभकाला राज्याबाहेर घालवले, सेवालीचे दोर स्वतः सोडले आणि तिच्याकडे क्षमा मागितली.

सेवाली म्हणाली, "माझ्याकडे काय मागता? जे बुडाले त्यांच्या घरी जा."

राजा त्याच पावली, अनवाणी, त्या घरांकडे निघाला. महामंत्रिपदाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही आणि बोधिसत्त्वानेही विचारले नाही.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा कुंभक आजचा देवदत्त होय. आनंद हा तो वयस्क खलाशी होता, सेवाली उत्पलवर्णा होती, आणि न्यायमंत्री मी होतो. त्या जन्मी मी सत्यपारमिता जपली."