घाटावर नाव नव्हती

कापसाच्या व्यापारात नाव कमावलेल्या माणकशेटांनी एकदा सहकुटुंब नदीमार्गे यात्रा करायचे ठरवले. नदीच्या दोन्ही काठांवर प्राचीन मंदिरे होती आणि ती डोळे भरून पाहावीत, ही त्यांच्या वृद्ध आईची, गोदूबाईंची, फार दिवसांची इच्छा होती. शेटजींनी मोठी नाव ठरवली, तिच्यावर छत घातले, आईसाठी मऊ बैठक केली. मंदिरांचा इतिहास समजावून सांगायला एका वृद्ध आचार्यांना विनंती केली. आचार्यांसोबत त्यांचा शिष्य निरंजनही आला.

मंदिरे मात्र उंच काठांवर होती आणि घाटांच्या पायऱ्या खड्या. पहिल्याच घाटावर शेटजी आईला म्हणाले की चढण्याचा तिला त्रास होईल, तिने सावलीत बसावे, प्रसाद आणून देऊ. तिने मान डोलावली. पुढच्या घाटांवर हेच घडत गेले, आणि मग तिला विचारायचेही राहून गेले. सगळे हसत-बोलत वर जात. गोदूबाई नावेतून त्यांच्याकडे पाहत राहत.

एका संध्याकाळी त्यांनी मुलाला सांगितले की पुढे नदीच्या वळणावर त्यांच्या माहेरच्या गावचे महादेवाचे लहानसे देऊळ आहे, तिथे क्षणभर थांबावे. शेटजींनी प्रेमानेच समजावले की ते आता पडके झाले आहे, तिथे पाहण्यासारखे काही नाही. आचार्यांनी नंतर तो विषय पुन्हा काढला, तेव्हा शेटजी 'बघू' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नाव सर्वांत भव्य मंदिरापाशी लागली. आचार्य म्हणाले, आज मी खालीच थांबतो, निरंजन तुम्हाला शिल्पे दाखवील. नावाडीसुद्धा घाटावर पाय मोकळे करायला उतरले. दर्शन आटोपून सगळे खाली आले, तर घाट रिकामा होता.

नाव नव्हती. आई नव्हती. आचार्य नव्हते.

कपडे धुणाऱ्या एका बाईने सांगितले की त्या म्हाताऱ्या बुवांनी स्वतः दोर सोडला, एका नावाड्याला बरोबर घेतले आणि नाव प्रवाहाच्या दिशेने गेली. शेटजी निरंजनकडे वळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तुमचे गुरू आहेत तरी कोण?"

निरंजनच्या मनात आले: विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या झाडाचे फूलही न तोडणारे आपले गुरू, आणि त्यांनी हे करावे? इतक्या वर्षांची श्रद्धा त्याला पायाखालून सरकल्यासारखी वाटली.

सगळे काठाकाठाने धावत सुटले. काटे लागले, चिखलात पाय रुतले. शेटजी मध्येच थांबत आणि पाण्याकडे पाहत. काय दिसेल या भीतीने त्यांना पाहवतही नव्हते.

वळणापलीकडे काठ सखल होता. तिथे नाव बांधलेली होती. जवळच एका पडक्या देवळाच्या उंबऱ्याला नदीचे पाणी लागत होते. त्या उंबऱ्यावर गोदूबाई पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. आचार्य थोडे दूर झाडाखाली होते.

शेटजींनी आईचा हात घट्ट धरला आणि ते लहान मुलासारखे रडले. मग संतापाने ते आचार्यांकडे गेले. या वयात तिला काही झाले असते तर, असे त्यांनी विचारले.

आचार्य शांतपणे म्हणाले, "शेटजी, तुमच्या आईंनी सांगितलं म्हणून मी त्यांना इथं आणलं. तुम्हाला घटकाभर आई दिसली नाही, तर तुमचा जीव कासावीस झाला. त्या मात्र प्रत्येक घाटावर बसून तुम्ही सगळे दिसेनासे होताना पाहत होत्या. तुम्ही त्यांना जपलंत, यात शंका नाही. पण जपता जपता तुम्ही त्यांना विचारणं सोडून दिलंत."

शेटजी परत आईजवळ गेले.

नावेकडे परतताना निरंजन म्हणाला, "गुरुजी, हे त्यांना शब्दांनी सांगता आलं नसतं का? मी फार घाबरलो होतो."

"सांगून पाहिलं होतं," आचार्य म्हणाले. "तरी तुझं म्हणणं खरं आहे. माणसाला भिववून शिकवावं लागलं, हे मला भूषणावह नाही. घाटावर निरोप तरी ठेवायला हवा होता. त्याची क्षमा मी शेटजींकडे मागणार आहे."

पुढच्या मंदिराच्या पायऱ्याही खड्याच होत्या. शेटजींनी गावातून डोली मागवली आणि आईला विचारले, "आई, वर यायचं का?"

गोदूबाईंनी वर कळसाकडे पाहिले आणि हात जोडले. "नको रे," त्या म्हणाल्या. "इथूनच बरं दिसतंय. तू बस जरा माझ्याजवळ."

बाकीचे वर गेले. शेटजी पायांतले जोडे काढून आईशेजारी बसले, आणि तिच्या माहेरच्या गोष्टी त्यांनी त्या दिवशी प्रथमच पूर्ण ऐकल्या.

ज्याच्यासाठी आपण निघालो, तो आपल्यासोबत आहे का, हे यात्रेत अधूनमधून मागे वळून पाहावे.