मिठाच्या तीन वाटा

एका राज्यात सगळे काही होते, मीठ तेवढे नव्हते. समुद्र डोंगरांच्या पलीकडे, फार लांब. म्हणून जुन्या शहाण्या राजाने मीठ आणायला तीन वाटा राखल्या होत्या. घाटवाटेवरून बैलांचे तांडे येत. नदीच्या वाटेने एक प्रचंड कासव पाठीवर माल लादून ये-जा करी. तिसरी होती रानवाट. ती समुद्रापर्यंत जातच नसे. ती रानातल्या पांढऱ्या खारपटापर्यंत जाई आणि तिथल्या खाऱ्या मातीतून काढलेले मातकट मीठ घेऊन येई. ते कोणाला फारसे आवडत नसे, पण ते असे.

त्या राज्यात वाटा जिवंत होत्या. त्यांना कान होते, मान होता, आणि चालणारा विसरला की त्या रुसत. म्हणून रिवाज असा, की दर वर्षी प्रत्येक वाटेवरचे मिठाचे पहिले ओझे राजाने स्वतःच्या डोक्यावरून आणायचे, अनवाणी.

पुढे त्या राजाचा नातू अर्ककेतू गादीवर बसला आणि त्याला डोक्यावर गोणी घ्यायची लाज वाटली. लाज! ज्या मिठावर पोसला, ते डोक्यावर घ्यायची!

अशात कर्बुर नावाचा एक मायावी दरबारात आला. तेव्हा तो राजाच्या गुडघ्याएवढा होता. हात जोडून म्हणाला, "महाराज, तीन वाटा कशाला? मी दरीवर सोन्याचा पूल बांधतो. सकाळी मागाल ते मीठ दुपारी दारात. मला मूठभर मीठ पुरे."

राजाने कौतुकाने त्याला उचलून मांडीवर बसवले.

पूल झाला. मीठ धो धो येऊ लागले, पांढरेशुभ्र, स्वस्त. मग राजाने तांडेवाल्यांना हाकलले. ते जाईनात तेव्हा शिपायांकडून दगड मारवले. कासवाला धरून राजवाड्याच्या तळ्यात शोभेला सोडले. मिठाची कोठारे रिकामी करून त्यांचा नाचमहाल केला. रांजण कोणी घेईना, तेव्हा कुंभारांच्या भट्ट्या विझल्या. "रोज ताजे येते, साठवायचे कशाला?" असे राजा म्हणे आणि दरबार माना डोलावी. दरबाराला नाहीतरी मानेखेरीज दुसरे काय असते?

एक टिटवी तेवढी अंगणात येऊन किंचाळली, "राजा, त्या सोन्याला शाप आहे! जो फक्त त्यालाच मानील, त्याला ते गिळील!"

राजाने हुकूम काढला, टिटवी दिसली की धोंडा हाणा. खरे बोलणाऱ्याचे आपल्याकडे असेच स्वागत होते.

आणि एके दिवशी मीठ आले नाही. दुसऱ्या दिवशीही आले नाही. लोक पुलाकडे धावले, तर पुलावर कर्बुर उभा, वडाच्या झाडाहून उंच. राजा चाचरत म्हणाला, "तू तर गुडघ्याएवढा होतास."

"माझी उंची समोरच्याच्या गरजेएवढी असते," कर्बुर म्हणाला. "तेव्हा तुम्हाला माझी गरज नव्हती."

त्याने गावोगावच्या गाई मागितल्या, राजाने दिल्या. देवळांचे कळस मागितले. तेही उतरवून दिले. प्रत्येक वेळी चार दिवस मीठ आले आणि पुन्हा थांबले. लोकांच्या पोटऱ्या वळू लागल्या, बाळंतिणींना उभे राहवेना, गुरे घामेजलेल्या भिंती चाटू लागली. मग कर्बुराने शेवटची मागणी केली, "राजघराण्यातले मूल. पौर्णिमेला, सूर्य मावळताना. मग मीठ कधी थांबणार नाही."

राजाला मूल नव्हते. पण त्याची थोरली बहीण शर्वाणी विधवा होऊन माहेरी राहत होती आणि तिला चंपकी नावाची लहान मुलगी होती. राजाने होकार दिला. बहिणीला विचारलेसुद्धा नाही.

शर्वाणीला ते दासीकडून कळले. ती भरदरबारात येऊन उभी राहिली.

"महाराज, माझी मुलगी तुम्ही कोणाला विचारून दिलीत?"

"ताईसाहेब, प्रजेसाठी एक जीव..."

"प्रजेसाठी?" शर्वाणीचा आवाज चढला. "आजोबांच्या तीन वाटा तू बुजवल्यास. कोठारात तू नाच मांडलास. तुझ्या आळसाची किंमत माझी पोर देणार? लाज वाटत नाही तुला, अर्ककेतू?"

दरबाराने या वेळी मानही डोलावली नाही. शर्वाणी तिथून निघाली ती थेट नगराबाहेरच्या माळावर गेली. तिथे टिटवी उघड्यावर अंड्यांवर बसली होती.

"दगड आणलास का?" टिटवीने विचारले.

"उपाय विचारायला आले आहे."

"आता! तहान लागल्यावर विहीर खणायची तुमच्या घराण्याला खोडच आहे. ऐक. तलवारीने तो मरत नाही. त्याच्यावाचून जेवढे भागेल, तेवढा तो खुजा होईल. तिन्ही वाटा जाग्या कर. पौर्णिमेच्या आत."

शर्वाणी आधी डोंगराकडे गेली. घाटवाट एका कपारीत चटईसारखी गुंडाळून पडली होती.

"ऊठ," शर्वाणी म्हणाली. "मला समुद्राकडे जायचे आहे."

"पुलावरून जा."

"वाट मी बंद केली नाही. माझ्या भावाने केली."

"पुलावरचे मीठ तू खाल्लेस का?"

"खाल्ले."

"तांड्यांना दगड मारले, तेव्हा बोललीस का?"

एवढा वेळ भावावर पेटलेला राग आता तिला स्वतःला चटके देऊ लागला. मान खाली न घालता ती म्हणाली, "नाही बोलले. माझ्या पोरीवर आले, तेव्हा बोलले."

"हे खरे बोललीस," वाट म्हणाली. "चल. येताना गोणी डोक्यावर. अनवाणी."

शर्वाणी पाऊल टाकी, तेवढीच वाट पुढे उलगडे. येताना गोणीच्या भाराने तिची मान आखडली आणि टाचा फुटल्या. तिच्यामागून बैलांच्या घुंगरांचा आवाज येऊ लागला. तांड्याचा म्होरक्या सोमला नाईक कपाळावरची जुनी खोक दाखवून म्हणाला, "बाईसाहेब, राजासाठी आम्ही थुंकायलाही येणार नाही. वाटेनं हाक मारली, म्हणून आलो." शर्वाणीने त्याला हात जोडले.

घाटाचे मीठ नगरात आले आणि पुलावरचा कर्बुर वडावरून नगराच्या वेशीएवढा झाला. पण तांडे मोडले होते, बैल थोडेच उरले होते. तेवढ्याने नगर जगणार नव्हते.

मग शर्वाणीने राजवाड्याच्या तळ्याचा बांध फोडला. शिपाई आडवे आले, पण तिचा चेहरा पाहून बाजूला झाले. कासव चिखलातून बाहेर आले. त्याच्या पाठीवर राजाने सोनेरी वेलबुट्टी रंगवून घेतली होती.

"मला कमळे खायला घालत होते," कासव म्हणाले. "मला! ज्याने पुरात मीठ आणले!"

"राग नंतर काढू. आधी मीठ," शर्वाणी म्हणाली.

घाईघाईत तिने कासवाच्या पाठीवर गोण्या लादल्या. धारेला लागताच पाणी गोण्यांत शिरले आणि नगराच्या घाटावर पोचली ती ओली रिकामी पोती. टिटवी काठावर नाचत ओरडली, "वा! आता मासे तरी खाल्ल्या मिठाला जागतील!" शर्वाणीने ओठ चावला. जुन्या काळी नदीने मीठ गोणीत येत नसे, रांजणात येई, तोंडावर लाखेची मोहर लावून; हे घाईत तीही विसरली होती. ती कुंभारवाड्यात गेली. कुंभार म्हणाले, भट्टीला लाकूड नाही. तेव्हा तिने नाचमहालाचे खांब उतरवले, झुंबरांसकट, आणि भट्टीत घातले. नर्तकींनीच कुऱ्हाडी चालवल्या. त्यांच्याही पोटऱ्या वळत होत्या. दुसऱ्या खेपेला रांजण कोरडे उतरले.

कर्बुर आता घराच्या दरवाजाएवढा झाला. त्याने पूल कडेकोट बंद केला आणि चंपकीसाठी पालखी पाठवून दिली.

उरली रानवाट. तिच्या तोंडाशी खारपटाची राखण करणारी यक्षीण बसली होती.

"माती ने," यक्षीण म्हणाली. "मोल दे."

"काय देऊ?"

"तुझा राग. दे तो मला आणि शांत मनाने घरी जा."

शर्वाणी थकली होती. तो राग वाहून वाहून तिचे अंग मोडले होते, आणि क्षणभर तिला तो देऊन टाकावासाही वाटला. पण ती म्हणाली, "देणार नाही. शांत झाले की आम्ही विसरतो. दुसरे काय हवे ते माग."

यक्षीण हसली आणि बाजूला झाली. "राग देऊन गेली असतीस, तर पुढच्या वर्षी ही वाट पुन्हा बुजली असती. ने माती."

पौर्णिमेचा सूर्य कलला. राजाने पालखीत बसवलेली चंपकी रडत होती. कर्बुर पूल ओलांडून वेशीत आला. घरोघरी थोडेथोडे मीठ पोचले होते, म्हणून कोणाला तो माणसाएवढा दिसे, कोणाला कमरेएवढा. पण अर्ककेतू समोर आला मात्र, आणि कर्बुर भराभर वाढत ढगांना टेकला. साऱ्या नगराची गरज भागत आली तरी राजाची भीती भागली नव्हती.

"घेऊन जा तिला," राजा म्हणाला. "फक्त मीठ थांबवू नकोस."

इतक्यात शर्वाणी रानातून आली. केस विस्कटलेले, पाय रक्ताळलेले, डोक्यावर गोणी. तिने ती राजाच्या पायांशी आपटली, आतला खाऱ्या मातीचा एक तपकिरी खडा उचलला आणि त्याच्या हातात कोंबला.

"खा."

"ताईसाहेब, हे मातकट आहे."

"मातकट?" शर्वाणी ओरडली, तेव्हा वेशीवरची कबुतरे उडाली. "पांढऱ्या मिठासाठी तू माझी पोर विकतोस! खा म्हणते ना! सगळ्या नगरासमोर खा आणि सांग कसे लागते ते!"

राजाने खडा तोंडात घातला. राजाच्या डोळ्यांतून पाणी आले.

"खारट आहे," तो म्हणाला.

"मग या कर्बुराची गरज आहे का तुला?"

राजाने वर पाहिले. मग म्हणाला, "नाही."

कर्बुर ढगांतून खाली आला, छपराएवढा झाला, पुरुषभर झाला आणि अखेर गुडघ्याएवढा होऊन धुळीत उभा राहिला. पुलाचे सोने झडून गेले; खाली साधा लाकडी पूल होता. गाई हंबरत परतल्या, कळस देवळांवर जाऊन बसले. शर्वाणीने चंपकीला पालखीतून ओढून छातीशी धरले आणि मगच ती रडली.

राजाने कर्बुराला चिरडायला पाय उचलला. शर्वाणी म्हणाली, "थांब. पूल वाईट नाही. त्याचेही मीठ येऊ दे, मूठभर मोलाने, चौथी वाट म्हणून. यापुढे त्याला मांडीवर मात्र कोणी बसवायचे नाही."

तेव्हापासून त्या राज्यात चार वाटांनी मीठ येते आणि घराघरात एक भरलेला रांजण असतो. टिटवीने आता राजवाड्याच्या अंगणात अंडी घातली आहेत आणि ती सगळ्यांना वाटेल ते बोलते. दर वर्षी अर्ककेतू अनवाणी, डोक्यावर गोणी घेऊन चारही वाटा चालतो. पहिल्या वर्षी वेशीत गोणी उतरवून तो बहिणीला म्हणाला, "ताई, आता तरी राग सोड."

शर्वाणीने गोणीत हात घालून मीठ कोरडे आहे ना ते पाहिले.

"पुढच्या वर्षीही आण," ती म्हणाली. "मग पुन्हा विचार."

तो अजून दर वर्षी विचारतो, आणि ती अजून हेच सांगते. ऐकणाऱ्याच्या घरचे मीठ कधी न सरो, आणि ते एकाच हाताने आलेले नसो.