मोहदऱ्याची समोरासमोरची दारे

मोहदऱ्यात घरांच्या मागे, परसात, ज्या लहान खोल्या आहेत, त्या प्रत्येकीला समोरासमोर दोन दारे आहेत. खोली सरपणाची असो की शेळ्यांची, दारे दोनच, आणि दोन्हींना कडी नाही. नवखा माणूस हमखास विचारतो, वारा यावा म्हणून का? देवळाचे म्हातारे गुरव त्यावर मान हलवतात. "वाऱ्याला फट पुरते, पाव्हणं. दार माणसाला लागतं." मग ते पाहुण्यांना वरच्या आळीच्या टोकाला नेतात. तिथे दोन परसांच्या मधोमध एक वारूळ आहे, बसलेल्या माणसाएवढे.

असे सांगतात की फार पूर्वी इथे रायाजीआबा नावाचा आंधळा म्हातारा राहत असे. म्हातारपणी दृष्टी गेली होती, पण गावाचा त्याच्या शब्दावर विश्वास होता. शेजारी ठकू नावाची विधवा दोन पोरांना घेऊन राहायची. तिच्या परसात, दोन घरांच्या शिवेला लागून, एक शेवगा होता. त्याच्या मुळाशी तिच्या पोरांच्या नाळा पुरलेल्या होत्या. दोन्ही परसांमधली शीव रायाजीने आणि ठकूच्या सासऱ्याने तरुणपणी मिळून आखली होती, दोन्ही टोकांना दगड रोवून.

रायाजीचा मुलगा हैबती याला कडब्यासाठी खोली हवी होती. आपल्या परसात जागा होती, पण ती त्याला पुरेना. ठकू माहेरी गेल्याचे पाहून त्याने शेवगा तोडला, शिवेचे दगड पलीकडे सरकवले आणि खोली उभी केली. कुऱ्हाडीचे घाव सगळ्या आळीने ऐकले होते. विचारायला एकही जण आला नाही. 

ठकू परतली ती थेट पाटलाच्या दारात गेली. पाटलाने हैबतीला बोलावून घेतले. "माझ्या पोरांची नाळ ह्याच्या कडब्याखाली गेली," ती म्हणाली.

"दगड बघ की, वहिनी," हैबती हसला. "दगडाला काय पाय फुटले?"

"दगडाला नाही फुटले, भावजी. तुम्हाला दोन आहेत."

त्या काळी अशा भांडणाचा निवाडा शीव चालून होई. एकाने मातीने भरलेली पाटी डोक्यावर घ्यायची आणि अनवाणी शीव चालायची. शीव संपेपर्यंत पाटी उतरायची नाही, शिवेवरून पाऊल ढळू द्यायचे नाही, कुणी चालणाऱ्याला हात लावायचा नाही. जो खोटे चालेल किंवा ज्याची चाल अर्धी राहील, त्याला माती घेऊन जाते. पाटलाने विचारले, कोण चालेल? ठकूच म्हणाली, "आबांनी चालावं. ते म्हणतील ते मला कबूल."

रायाजीने मुलाला जवळ बोलावले. "हैबती, दगड जागेवर आहेत ना?"

"आहेत, आबा."

म्हाताऱ्याने माती डोक्यावर घेतली.

हैबतीने त्याला सरकवलेल्या दगडापाशी उभे केले. म्हातारा तिथे क्षणभर थांबला, पायाने जमीन चाचपली, आणि बाजूला सरकत सरकत जुन्या जागी येऊन उभा राहिला. मग चालू लागला. सरळ, डोळस माणूस चालणार नाही इतका सरळ. आणि खोलीच्या भिंतीवर जाऊन थडकला.

त्याने भिंतीवर हात फिरवला. "हैबती, इथं भिंत कुणी घातली?"



"आबा, झालं आता. माती उतरवा, घरी चला," हैबती म्हणाला.

"शीव संपली की उतरवीन."

खोटे आता साऱ्या गावाला दिसले होते. तरीही हैबती हटला नाही. म्हातारा थकेल, बसेल, मग बघू, असे त्याच्या मनात होते. ऊन चढले. म्हातारा भिंतीला तोंड करून उभाच. ठकूने पाण्याचा तांब्या आणून पुढे धरला, त्याने मानेनेच नको म्हटले. ती शेवटी रडत हैबतीला म्हणाली, "घ्या ती जागा. मला नको. आबांना तेवढं घरी न्या." पण शीव आता दोघांचीही राहिली नव्हती. तिच्यावर माणूस उभा होता.

दिवस कलताना म्हाताऱ्याचे पाय थरथरू लागले. तेव्हा कुठे हैबतीने पहार उचलली. त्याने भिंत फोडली. रायाजी वाकून आत शिरला. हैबती धावत वळसा घालून पलीकडे गेला आणि समोरची भिंत फोडू लागला. आतून पावले ऐकू येत होती म्हणे, हळू, घासत येणारी. मग ती थांबली.

भिंत पडली. बाहेर कुणी आले नाही.

आत शेवग्याच्या बुंध्यावर वारूळ उभे होते, ओले, बसलेल्या माणसाएवढे. त्याच्या माथ्यावर पाटी होती आणि पाटीतली माती कणभरही सांडली नव्हती.

हैबतीने ती खोली स्वतःच्या हाताने उतरवली आणि दगड जुन्या जागी रोवले. तेव्हापासून मोहदऱ्यात परसात काहीही बांधायचे तर दोन दारे ठेवतात. शेजारी डोक्यावर माती घेऊन एका दारातून आत जातो, दुसऱ्यातून बाहेर येतो, आणि मगच छप्पर चढते. शेजारी चालायला नाही म्हणाला, तर भिंती तशाच उघड्या राहतात.

आजही हे पाळतात. फक्त खालच्या आळीत यंदा एकाने शेजाऱ्याला न विचारता स्लॅबची खोली टाकली आहे, एकाच दाराची. आळीने पाहिले, आळी गप्प बसली. आता त्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला खालून माती चढू लागली आहे, दर सकाळी थोडी वर. मालक खरवडतो, ती पुन्हा येते. काल ती माणसाच्या खांद्याला पोचली होती.

वाळवी लागली, असे तिथे कुणी म्हणत नाही. म्हणतात, आबा भिंतीपाशी आलेत. उभे आहेत.