डोणीला पाय नसतात

एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी मारणाऱ्यांची मला फार चीड येते. एका जहागिरदाराच्या पागेत असंच झालं. घोड्यांना पाणी पाजायची डोणी कारभारी विसाजीपंत निवडायचे. पातळ फळ्यांची, वर वेलबुट्टी कोरलेली. वर्षात तीन फुटल्या. तर पंत जहागिरदाराला म्हणाले, "मोतद्दारानं घोड्यांना शिस्तच लावली नाही. हाकला त्याला!"

घोड्यांची निगा राखणाऱ्या या मोतद्दाराचा, रखमाजीचा, जन्म त्या पागेत गेला होता. तो शांतपणे म्हणाला, "सरकार, जातो मी. पण आधी पंतांनी एकदा घोडीला पाणी पाजावं. शिस्त कशी लावतात ते बघून जाईन."

पंत ऐटीत नव्या डोणीला हात लावून उभे राहिले. रपेटीवरून पाखरी नावाची तहानलेली घोडी आली. पाणी दिसताच तिनं सवयीनं टाप हाणली. फळी तडकली, अन् पंत धोतर सावरत गवताच्या गंजीमागं पळाले.

रखमाजी म्हणाला, "सरकार, पंतांना पाय होते, ते पळाले. डोणीला पाय नसतात. तिला जागेवरच मार खावा लागतो. म्हणून मी काळ्या दगडाची मागत होतो."

रखमाजी पागेतच राहिला. दगड आणायला मात्र पंतांना खाणीवर जावं लागलं.