रंगाखालचा सांधा

साखर कारखाने नवेनवे होते, तेव्हाची गोष्ट बरं का. वाफेच्या पाइपातल्या एका सांध्याला बारीक चीर होती. उद्या पाइपात दाबाने पाणी भरून तपासणी व्हायची होती. तोवर सांध्यांना रंग लावायचा नाही, असा नियमच होता.

"मला कापून फेकतील रे!" सांधा शेजारच्या व्हॉल्व्हला म्हणाला.

पण पाहुणे येणार म्हणून मालकांनी आधीच रंग मारून घेतला. पाणी भरलं, तर चीर रंगाने बुजलेली; थेंबसुद्धा गळला नाही.

"वाचलो बाबा!"

"तू वाचलास. आता वाफ येईल," व्हॉल्व्ह म्हणाला.

वाफ आली. चीर वाढू लागली. नेमक्या कारखान्यात कामाला असलेल्या गोजराबाई ऊब बघून सांध्याखाली भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसल्या.

"उठा हो बाई!" सांधा जिवाच्या आकांताने ओरडला. रंगाखालून आवाज बाहेर आला नाही.

गोजराबाई आणखी जवळ सरकल्या.